नोव्हेलाबाई आपण होऊन बोलत नाहीत

नोव्हेला टिप्टन यांनी अकरा वर्षांत टॅलो क्रीकमध्ये कोणालाही आपण होऊन ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं नव्हतं. बाई गर्विष्ठ नव्हत्या. त्या परवानाधारक समुपदेशक होत्या, आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या त्या चिंचोळ्या पट्टीत, नव्वद मैलांच्या आत, दुसरं कोणी समुपदेशक नव्हतं.

आपल्याकडे मन मोकळं करायला येणारा माणूस बाहेर भेटला, तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, हे त्या शिकल्या होत्या. तो बोलला तर बोलायचं. आता गाव आठशे वस्तीचं. येणाऱ्यांना टाळलं आणि बाकीच्यांना रामराम घातला, तर शाळेतलं पोरसुद्धा पाटीवर यादी मांडेल. म्हणून बाईंनी सगळ्यांनाच टाळलं. दुकानात त्या डब्यांवरची अक्षरं अशा वाचत, की जणू मक्याच्या दाण्यांत काही गहन लिहिलंय. शिवाय येणाऱ्यांशी दुसरा व्यवहार नको, म्हणून केस कापायला, दात दाखवायला, गाडीचं तेल बदलायला त्या परगावी जात. गावात केस कापणारी ट्वायला याचा राग धरून होती.

“माझी कात्री चावते का हो तुम्हाला?” ती दर दोन महिन्यांनी विचारी.

“नाही गं बाई,” म्हणण्यापलीकडे नोव्हेलाबाईंना काही म्हणता येत नसे.

ईस्टरनंतरच्या रविवारी घात झाला. प्रार्थना संपून चर्चच्या मागच्या खोलीत जेवण मांडलं होतं, सगळ्यांनी घरून काही ना काही आणलेलं. नोव्हेलाबाई मागे सरकल्या आणि टाचेखाली कोणाचा तरी बूट आला. वळून बघतात तर हर्शेल प्रुएट, धान्याच्या कोठारावरचे निवृत्त व्यवस्थापक, भरल्या अंड्यांची बशी सावरत उभे.

“अगं बाई! गुड मॉर्निंग, हर्शेलभाऊ. गुडघा कसा आहे आता?”

चमचे थांबले. अकरा वर्षांनी बाई आपण होऊन बोलल्या होत्या, आणि त्याचा अर्थ लावायला गावाला अर्धं मिनिट पुरलं.

“म्हणजे हर्शेलभाऊ त्यांच्याकडे जात नाहीत,” कोणीतरी म्हणालं.

“म्हणजे गावात शहाणा मी एकटाच!” हर्शेलभाऊंनी छाती फुगवली.

छाती बुधवारपर्यंत टिकली. बुधवारी ते नेहमीसारखे कॉफी प्यायला गेले, तर टेबलावरचं बोलणं बंद पडलं. जो तो त्यांच्याकडे असं बघू लागला, जसं आजारी घरात एखाद्या ठणठणीत पाहुण्याकडे बघतात. शुक्रवारी हर्शेलभाऊंनी राज्याच्या परवाना मंडळाकडे बाईंविरुद्ध तक्रार टाकली. अर्जात एक रकाना होता : आपलं कोणतं गुपित उघड झालं? त्यांनी नीट अक्षरात लिहिलं : ‘मला गुपित नाही हे.’

मंडळाचं पत्र नोव्हेलाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं. चौकशी होणार होती. परवाना गेला तर आठवड्याला वीसेक माणसं कुठे जाणार? त्यांच्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, “तुमच्या बाजूने बोलणारे चार साक्षीदार आणा.”

“कोणाला आणू? नाव घेतलं की तोच गुन्हा.”

“मग काय करणार?”

“प्रार्थना करते.”

तिथेही त्यांची अडचणच. त्या डोळे मिटून म्हणत, “देवा, मंगळवारी दहा वाजताच्या माणसाला बळ दे. त्याचं नाव तुला ठाऊक आहे, माझ्या तोंडून काढून घेऊ नकोस.”

चौकशीच्या दिवशी त्या पाच तास गाडी हाकून राजधानीला पोचल्या. मंडळाच्या दालनात पाऊल टाकलं, तर टॅलो क्रीकची एकोणीस माणसं ओळीने बसलेली. एकजण म्हणे गुरांच्या बाजाराला आला होता. दोघी चष्म्याला. एक अख्खं कुटुंब प्राणिसंग्रहालय बघायला निघालं होतं आणि रस्ता चुकलं होतं. सगळे छताकडे बघत होते.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “यांच्या बाजूने कोणाला बोलायचंय?”

एकोणीस हात वर.

गहूवाले ऑर्विल उठले. “मी या बाईंना ओळखत नाही. कधी गेलोही नाही त्यांच्याकडे. पण बाई फार भल्या आहेत. फक्त खिडकीजवळची ती खुर्ची बदला म्हणावं, कंबर धरते.”

“तुम्ही गेला नाहीत, मग खुर्ची?”

“ऐकीव,” ऑर्विल म्हणाले आणि घाम पुसत बसले.

पाठोपाठ बाकीचेही तसेच. कोणीच ओळखत नव्हतं, कोणीच गेलं नव्हतं, आणि परवाना गेला तर आपण जगणार कसे हे प्रत्येकाला कळत नव्हतं. ट्वायला तर ताठ उभी राहून म्हणाली, “मी खरंच जात नाही हो. शप्पथ. यांचं कोणी ऐकू नका, पण माझं ऐका.” तिच्यावरच कोणाचा विश्वास बसला नाही.

अध्यक्षबाईंनी कपाळ दाबलं. “टिप्टनबाई, यातलं कोणी तुमच्याकडे येतं?”

“सांगता येणार नाही.”

“बरं. तक्रारदार प्रुएट? ते येत नाहीत, हे तरी सांगाल?”

एक ‘नाही’ म्हटलं की सुटका होती. येत नाहीत, मी फक्त गुडघ्याचं विचारलं, एवढंच. पण नोव्हेलाबाई म्हणाल्या, “तेही सांगता येणार नाही.”

हर्शेलभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे मी येत असूही शकतो?”

“भाऊ, सांगता येणार नाही.”

“ऐकलंत?” ते ओळीकडे वळून ओरडले. “राज्याच्या दप्तरात लिहून घ्या!”

मंडळाने आत जाऊन दहा मिनिटं घेतली. चर्चमध्ये गुडघ्याची चौकशी केली यातून कोणाचंच काही सिद्ध होत नाही. तक्रार निकालात, परवाना कायम. नोव्हेलाबाईंनी ओठांतल्या ओठांत देवाचे आभार मानले, कोणाच्याही नावाशिवाय.

बाहेरच्या बोळात हर्शेलभाऊ त्यांना गाठायला लंगडत आले. “बाई, माझी बायको आयडेला गेली, त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर गुडघ्याचं तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. मला एक वेळ द्या. गुरुवारची.”

नोव्हेलाबाईंचे डोळे भरले. “नाही देता येत, भाऊ. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केलीत. आता मी तुमच्याकडे स्वच्छ मनाने बघीन की नाही, याची मलाच खात्री नको का?” त्यांनी चिठ्ठीवर परगावच्या समुपदेशकाचं नाव आणि पत्ता लिहून दिला.

“नव्वद मैल!” हर्शेलभाऊंनी ती चिठ्ठी साऱ्या बोळाला ऐकू जाईल अशी वाचली. “माझा ट्रक साठ मैलांच्या पुढे वाफ सोडतो.”

ट्वायला पर्समध्ये काहीतरी शोधत उभी होती. शोधता शोधताच म्हणाली, “मी दर गुरुवारी तिकडेच जाते, भाऊ. तीन वर्षं झाली. सात वाजता तयार राहा. आणि वाटेत मला काही विचारायचं नाही.”

“मी कशाला विचारू?” हर्शेलभाऊ म्हणाले, आणि तिच्या हातातली जड पर्स धरायला पुढे झाले.