मास्तर पाणी प्याले का?

नेमिनाथ मास्तरांना आमच्या गावातल्या बायका घाबरत, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. अंगानं काटकुळा माणूस, मुंगी चुकवून पाय टाकणारा जैन, आवाज इतका मऊ की मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पण लढाईच्या दिवसांत छत्री काखेत मारून ते एखाद्या गल्लीत वळले, की तिथली जात्याची घरघर थांबे. मास्तर कुणाचा उंबरा चढतात, हे बायका दाराआडून बघत राहत.

आमचं गाव पलूसच्या अलीकडचं, कृष्णेच्या काठचं. रानात ऊस आणि घरटी एक गडी पलटणीत. मी त्याच शाळेत खालचे वर्ग शिकवीत होतो आणि इंग्रजीचे वर्ग मास्तरांकडे होते. त्यांची शिकवायची तऱ्हा अशी, की सोमवारी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि आठवडाभर त्याचेच अर्थ काढत बसायचे. माझा स्वभाव जन्माचा तापट. मी म्हणायचो, "मास्तर, पोरांना चार वाक्यं तरी बोलता येऊ द्यात. एकाच शब्दाचा चोथा किती चावायचा?" त्यावर ते हसून म्हणत, "एका शब्दाच्या घरात किती माणसं राहतात, ते आधी बघू द्या की त्यांना."

एकदा त्यांनी फळ्यावर 'मिस' लिहिला. पहिल्या दिवशी गाडी चुकली, दुसऱ्या दिवशी नेम हुकला, मग लग्न न झालेली बाई आली, तेव्हा पोरं खिदळली. पुढे शाळेला दांडी आली. गावाला गेलेल्या माणसाची आठवण येऊन घर खायला उठतं, तोही हाच शब्द, असं मास्तर म्हणाले तेव्हा मीसुद्धा जरा कान दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या शब्दाला शेपूट जोडून 'मिसिंग' केला आणि त्याच्या शेजारी त्याची भावंडं मांडली, हरवलेला, नाहीसा, बेपत्ता, गैरहजर.

मागच्या बाकावरचा सयाजी उठला. मिसरूड फुटलं तरी वर्ग सोडत नव्हता असा दांडगा पोरगा. "मास्तर, माजी म्हस चरायला गेली आन परत आलीच न्हाई, तर?"

"तर ती मिसिंग."

"आन चार दिसांनी आली तर?"

"मग हा शब्द पुसायचा," असं म्हणून मास्तरांनी खरोखरच फळा पुसला. वर्ग हसला, सयाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्यानंतर लवकरच तो पलटणीत भरती झाला. लढाई सुरू झाली त्या साली सुट्टीवर येऊन त्यानं मनुबाईशी लग्न केलं, आणि पलटणीबरोबर मलायात गेला.

लढाई लागली तशा गावात तारा येऊ लागल्या. इंग्रजी वाचणारे मास्तर एकटेच, म्हणून टपालवाला तार थेट त्यांच्याकडे आणी. वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. ते उंबऱ्याशी उभे राहत, घरातली बाई तांब्या पुढे करी. माणूस जखमी असला, आजारी असला, रजेवर येत असला, तर मास्तर खिशातलं फडकं काढून पाणी गाळून घेत आणि पीत. माणूस गेला असला तर घराला सुतक लागलेलं, आणि सुतकाच्या घरचं पाणी कोण पिणार? ते तांब्याला हात लावत नसत, खाली मान घालून उभे राहत. तेवढ्यानं घर ओळखे आणि आतून हंबरडा उठे. ही रीत कुणी ठरवली नव्हती, आपोआप पडली. पुढे पुढे तर तारेत काय आहे हे कुणी विचारीनासंच झालं. गल्लीच्या तोंडाशी बायका एकमेकींना एवढंच विचारीत, "मास्तर पानी प्यालं का?"

मला या प्रकाराचा संताप येई. मी मास्तरांना म्हणालो होतो, "अहो, लिहून आलंय ते वाचून दाखवा आणि मोकळे व्हा. हा तांब्याचा खेळ एक दिवस अंगाशी येईल." ते म्हणाले, "पाणी सोपं पडतं हो. त्यांना पण आणि मला पण."

बेचाळीस सालच्या भाद्रपदात सयाजीची तार आली. चलेजावच्या त्या दिवसांत आमच्या भागात तारायंत्राच्या तारा तोडल्या जात होत्या, टपाल लुटलं जात होतं, त्यामुळे तार कुठंकुठं अडकून आमच्या हाती पडली तेव्हा दिवस बुडत होता. मलाया जपान्यांच्या हाती पडून सहा-सात महिने उलटले होते आणि सयाजीचं पत्र नव्हतं. तारेत तोच शब्द होता, 'मिसिंग'.

मी म्हणालो, "सकाळी जाऊ."

"त्या बाईची एक रात्र मी माझ्याकडे कशी ठेवून घेऊ?" मास्तर म्हणाले आणि छत्री घेऊन निघालेसुद्धा. मी मागोमाग गेलो. पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. मनुबाई तुळशीपाशी दिवा लावत होती. सासू साळूबाई, नवरा कधीच वारलेली, एकुलत्या एका लेकावर जगणारी, सोप्यात वाती वळत बसली होती. मास्तरांना बघून दोघींचे हात थांबले. गल्लीतल्या बायका गोळा होऊन दाराशी आल्या.

"मनुबाई, घाबरू नको. शब्द असा आहे, मिसिंग," मास्तर म्हणाले, आणि वर्गात सांगत तसं सांगू लागले. "म्हणजे सापडत नाही. कुठं आहे ते कळत नाही. हजेरीला नाही. जपान्यांनी धरून नेला असेल, वाट चुकला असेल..."

त्यांचं कोण ऐकत होतं? मनुबाईनं तांब्या पुढे केला होता आणि सगळ्यांचे डोळे त्या तांब्यावर खिळले होते. मास्तरांचा हात सवयीनं पुढे गेला आणि थांबला. दिवस बुडाला होता. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हे व्रत त्यांनी लहानपणापासून पाळलेलं. गावात जैनांची घरं होती, आम्हां सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती. मलाही ठाऊक होती. पण तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसाला ती आठवली नाही, कारण मास्तर आजवर अशा कामाला उन्हातच गेले होते.

साळूबाईनं किंकाळी फोडली. ती वाघिणीसारखी उठली, तिनं मनुबाईची मनगटं धरली आणि चौकटीवर आपटली. हिरव्या काचा खळकन उंबऱ्यात पडल्या. दाराशी जमलेल्यांपैकी एकीनं पदरानं मनुबाईचं कुंकू पुसलं. मास्तर "अहो थांबा, अहो नाही, नाही" म्हणत होते, पण तो मऊ आवाज त्या आकांतात कुठं पोचणार? मग त्यांनी मनुबाईच्या हातातून निसटलेला, कलंडलेला तांब्या उचलला. तळाशी उरलेलं पाणी सगळ्यांच्या देखत, न गाळता, घटाघटा प्याले. गळ्यावरून, सदऱ्यावरून पाणी ओघळलं. आकांत एकदम थांबला. मनुबाई आपल्या रक्ताळलेल्या मनगटांकडे बघत राहिली.

पुढचं सगळं फार वाईट झालं. नवरा जिता असताना बायकोच्या बांगड्या फुटल्या, आता तो कसला परत येतोय, असं गाव बोलू लागलं. विहिरीवर मनुबाई आली की बायका घागरी बाजूला घेत. साळूबाईला तर हेच बोलणं खात होतं, कारण बांगड्या तिच्याच हातानं फुटल्या होत्या. ती हट्टानं म्हणे, "माजा ल्योक गेलाय. गेलाच हाय." तो गेलेला असला तरच तिच्या हातून पाप घडलेलं नव्हतं. आईनं लेकाचं मरण धरून बसावं अशी वेळ मी वैऱ्यावरही येऊ नये म्हणेन.

संक्रांत झाली आणि मनुबाई भर वर्गात शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मास्तर, त्या शब्दाचं समदं अर्थ परत सांगा."

मास्तरांनी एकेक सांगितला. नेम हुकला, गाडी चुकली, हेसुद्धा गाळलं नाही.

"ह्यात मेला कुठं हाय?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "नाही, बाई. पण जिवंत आहे असंही त्यात नाही."

"मग मी माजा अर्थ घेते," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं कासाराला घरी बोलावून मूठभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि कपाळाला कुंकू लावलं. साळूबाईनं तिच्या हातचं जेवण सोडलं. एका घरात दोन चुली पेटू लागल्या. गल्लीतून जाताना त्या घरातून बांगड्यांचा आवाज आला की का कुणास ठाऊक, मी झपझप पावलं उचली.

लढाई संपली. कैदेतून सुटलेले एकेक जण हाडांचे सापळे होऊन गावी येऊ लागले. मनुबाई प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारून आली. कुणी म्हणे एका छावणीत बघितला होता, कुणी नुसतीच मान हलवी. पंचेचाळीसची दिवाळी झाली आणि तार आली. या खेपेला चांगलं ऊन होतं. मास्तर मला म्हणाले, "चला बरोबर."

उंबऱ्याशी पोचलो तर मनुबाई रिकाम्या हातानं बाहेर आली. पाठीमागे साळूबाई चौकटीला धरून उभी.

"मास्तर, पानी मागनं घ्या," मनुबाई म्हणाली. "आदी शब्द सांगा."

मास्तरांनी शब्द सांगितला, पण इंग्रजीतच. मराठीत तो त्यांना उच्चारवेना.

"ह्याला किती अर्थ हायत?"

"एकच, बाई."

तिनं डोळे मिटून घेतले. खाली बसेल असं मला वाटलं, पण ती उभीच राहिली. "कवा?"

"गेल्या साली. आषाढात. छावणीत आजारानं."

मनुबाईनं दोन्ही हात वर केले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते तिचे नव्हतेच. मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, ऐकलंसा का? आषाढात. तवा ह्या हातात बांगड्या व्हत्या. तुमच्या हातानं कायबी झालं न्हाई."

साळूबाई चौकटीवरून घसरत खाली बसली. तीन वर्षं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. तिनं सुनेला कवटाळलं आणि लेकाचं नाव घेऊन रडू लागली. दाराशी जमलेल्या बायका बांगड्या फोडायला पुढे आल्या, तेव्हा मनुबाई त्यांच्यावर कडाडली, "हात लावू नगा!" तिनं हात भिजवून बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि सगळ्या, न फुटलेल्या, सासूच्या ओटीत टाकल्या.

मग ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. "त्या सांजंला माज्यापायी तुमी तुमचा नेम मोडलासा, मास्तर. घ्या आता."

ते सुतकाचं घर होतं. सगळी गल्ली बघत होती. मास्तरांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पाणी प्याले. फडकं त्यांच्या खिशातच राहिलं.