सुलूआत्याची बॅटरी

होडी काठाला लागली की सुलूआत्या डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि बॅटरी उचलून चढण चढायची. माशांची पाटी मामांकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे. बॅटरी मात्र तिच्याकडे. घरात आल्यावर आधी बॅटरी चार्जिंगला लागायची, मग चूल पेटायची. "उपाशी निजवलं की बॅटरी मरती," ती म्हणायची. "माणूस एक येळ निजंल."

भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या वस्तीवर तिचं घर. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटारीच्या होड्या चार-पाच घरांत होत्या, पण सगळ्यांच्या बॅटऱ्या भरायला यायच्या आत्याकडेच. ओसरीवर त्या ओळीने बसलेल्या असत. आत्या एकेकीचं बूच काढून आत डोकावायची आणि बाटलीतलं पाणी घालायची, काठोकाठ कधीच नाही. वायर जोडायचे वरचे खांब सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन त्यांना व्हॅसलीन लावायची. तिच्या सगळ्या साड्यांना पोटापाशी ॲसिडची बारीक भोकं होती.

मी भोरला इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत तिच्याकडे जायचे. तिथे मी कुणाशी फारसं बोलत नसे. बायका विचारत, "ही मुकी हाय का वं?" आत्या म्हणायची, "बॅटरीवानी हाय ती. वरनं गप, आत समदं चालू आसतं." मला ते ऐकायला आवडायचं.

तिच्या मुलीला, मनीषाताईला, बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते, तेव्हा मी तिथेच होते. आधीचं एक स्थळ "वस्तीवर लाइट तरी असते का?" असं विचारून परत फिरलं होतं. आत्याने ते मनाला लावून घेतलं होतं. आणि या पाहुण्यांनी वार धरला गुरुवार. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी मेलेली. त्यांच्या स्वतःच्या होडीची बॅटरी मामांनी पहाटे पाहुण्यांसाठी मासे आणताना संपवलेली.

ओसरीवर धोंडीकाकांची बॅटरी होती, रात्रीच भरलेली. धोंडीकाका शेजारचे, भावकीतले, आत्यापेक्षा वयाने लहान. आत्याने त्यांची बॅटरी आत आणली, इन्व्हर्टरला जोडली आणि वर जुनी चादर टाकली. मी बघितलं तशी म्हणाली, "धोंडीभावजी सांजच्याला नेत्यात. तवर लाइट यील, परत भरून ठिवू."

पाहुणे आले. पंखा फिरत होता, दिवा लागला होता. मुलाची आई म्हणाली, "गुरुवार असून लाइट आहे की तुमच्याकडे!" आत्या पदर सावरून हसली. पोहे झाले, प्रश्न झाले, मग जेवणाची पानं वाढली.

तेवढ्यात मागच्या दाराशी धोंडीकाका आले. त्यांना पलीकडच्या काठाला लवकर जाळी टाकायची होती. "वैनी, बॅटरी द्या. भरली न्हवं?"

माजघरातून पाहुण्यांचे आवाज येत होते. आत्या म्हणाली, "रातीच भरली."

तिने चादर बाजूला केली, वायर काढली आणि बॅटरी त्यांच्या हातात दिली. आत पंखा हळूहळू थांबला. मुलाची आई हसून म्हणाली, "इन्व्हर्टरपण दमला वाटतं!" सगळे हसले. आत्याही हसली. धोंडीकाका बॅटरी खांद्यावर घेऊन उतारावरून गेले.

जेवणं उरकून पाहुणे अंगणात हात धुवायला आले, तेव्हा वारा सुटला होता. धरणावर दुपारचा वारा वाईट. मुलाची बहीण मोबाईल वर करून म्हणाली, "किती छान दिसतेय ती होडी!" होडी मधोमध आडवी झाली होती आणि वाहत चालली होती. धोंडीकाका एकाच वल्ह्याने पाणी मारत होते. लाटा वरून आत येत होत्या.

आत्याच्या हातातला तांब्या खाली पडला. "अवो, जावा की! धोंडीभावजींची मोटार बंद पडलीया!" ती मामांना ओरडली. मामा आणि आणखी एकजण आमची होडी वल्हवत गेले. ते पोचेपर्यंत आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती, नव्या साडीनिशी.

धोंडीकाका परत आले ते भिजलेले, हाताची सालं निघालेली. जाळी पाण्यातच गेली होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "काय हो, झालं काय?"

आत्याने तोंड उघडलं. पण धोंडीकाका आधीच बोलले, "काय न्हाई, बॅटरी जुनी झालीया. भंगारातच टाकाय पायजे."

ती बॅटरी नवीच होती. मी आत्याकडे बघायचं टाळलं.

लग्न जमलं आणि झालंही. पंगतीत धोंडीकाका वाढपी होते. नंतर एकदा ते ओसरीवर आले असता आत्याने सांगून टाकलं, "भावजी, त्या दिशी तुमची बॅटरी म्या पंख्याला लावली व्हती."

"ठावं हाय की," काका म्हणाले. "मागल्या दारात पंखा थांबल्याला ऐकला न्हवं."

"मंग नेली कशाला? बोलला का न्हाई?"

"पावणं व्हतं आत. आन् म्हनलं, पुरंल."

"येकदा शिव्या तरी द्या," आत्या म्हणाली. काका हसले आणि त्यांनी चहा मागितला.

आत्याला ते फार जड गेलं. त्यांनी शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं. त्यानंतर धोंडीकाका अंगणात आले की आत्या उठून उभी राहायची. "बसा वैनी, मी ल्हान हाय तुमच्याहून," ते म्हणायचे. ती बसायची नाही. ते जाईपर्यंत भिंतीला धरून उभी. बायका त्यावरून चेष्टा करायच्या.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले होते तेव्हा धोंडीकाका दारात आले. आत्याने खाटेची कड धरली आणि उठायचा प्रयत्न केला. तिला श्वास लागला होता. मी तिला धरलं, तर तिने माझा हात झिडकारला. काकांनी ते बघितलं आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरले.

त्यानंतर ते रोज यायचे, पण खिडकीबाहेर, तिला दिसणार नाही असे उभे राहून मामांना हळू आवाजात विचारायचे, "वैनी जेवल्या का?"

आत्या गेली त्या सकाळी मात्र ते सरळ आत आले आणि तिच्या उशाशी बसले.