ल्यूथरला मागच्या पलंगावरून घरी आणलं

माझा भाऊ ल्यूथर गेला. कसा गेला, कुठं गेला, सगळे विचारतायत. सारखं सारखं सांगवत नाही, म्हणून एकदाच टाइप करते. मला लिहिता येत नाही, बोलते तसंच आहे हे.

ल्यूथर इंडियानात मोटरहोमच्या कारखान्यात होता, जन्मभर. आत पलंग, शेगडी, संडास असलेल्या त्या मोठ्या गाड्या असतात ना, त्यातले पलंग तो बसवायचा. स्वतः कधी तसल्या गाडीतून फिरला नाही. त्याची बायको आयरिस म्हणायची, "जगाला झोपवतोस, आणि मला हा मोडका सोफा." आयरिस गेली. मग कारखान्याने काढलं. मग फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही.

मी म्हटलं, ये इकडे पश्चिम किनाऱ्यावर, टिलामुकला माझ्याकडे. येणार कसा पण? अर्धा देश मध्ये. स्वतःची गाडी विकून टाकलेली, आणि विमानाचं नाव काढलं की घाबरायचा, श्वास कोंडेल म्हणून. तर पठ्ठ्याने नवीन मोटरहोम पोचवायचं काम धरलं, माझ्याकडे येण्याच्या वाटेवर, पोर्टलंडच्या अलीकडच्या एका शोरूमला. आजाराचं कुणाला सांगितलं नाही. ऑक्सिजनची छोटी टाकी जॅकेटखाली.

"फुकट येतोय गं ओपल, वर सामान पण," फोनवर हसला. हसला की खोकायचा.

सामान न्यायला खरं बंदी. तरी आयरिसचं शिलाई मशीन त्याने गाडीच्या खालच्या कप्प्यात लपवलं. बाकी सगळे नियम पाळले. संडास वापरायचा नाही, दुसऱ्या कुणी चालवायचं नाही, गादीवरचं प्लास्टिक काढायचं नाही. मागे पलंग रिकामा आणि हा स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपायचा.

वाटेतल्या बेकर सिटीहून फोन आला. "पाय सुजलेत. ब्रेक दाबवत नाही."

शेजारच्या डुएनने मला पिकअपमधून तिथं सोडलं आणि तो परतला. ट्रक थांबतात तिथं कडेला गाडी होती. ल्यूथरचे ओठ निळे.

"आली का स्कूलबसवाली! पोरं कुठायत?"

"एकच आहे आज. आणि तेच डोक्याला ताप."

मी म्हटलं हॉस्पिटल. त्याने माझं मनगट धरलं. बोट न् बोट थंड. "तिथं नेलंस तर तिथंच राहीन मी. तुझ्या खोलीत मरू दे मला ओपल. रस्त्यात नको."

मी काय करणार होते, तुम्हीच सांगा. गेले मागे आणि प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अगं, कुणीतरी विकत घेणारय ही गाडी!"

"घेऊ दे."

दोघांचे कोट पाठीमागे लावून त्याला बसता केला, आडवा झाला की गुदमरायचा. पलंग जरा करकरला. "माझ्या हातचा नाही हा," म्हणाला. "माझा करकरत नसतो."

बोलायला त्याचा श्वास पुरत नव्हता. म्हणून ठरलं, मी हाक मारायची, त्याने पलंगाच्या फळीवर टकटक करायची. मी आयुष्यभर स्कूलबस चालवलीय, पण इतकी घाबरून कधी नाही. नदी उजव्या हाताला लागली. "ल्यूथर, कोलंबिया आली!" टक. "घरी खिम्याचा मीटलोफ करून ठेवलाय!" टक टक. खोलीला पिवळा रंग दिलाय म्हटलं, त्यावर जरा उशिरा, टक.

पुढे हूड रिव्हर गावापाशी हाक मारली. काहीच नाही. झोपला असेल म्हणून मी बोलतच राहिले. आईचं, आमच्या बकरीचं, काय वाटेल ते. थांबायची हिंमत होत नव्हती. मग गाडी कडेला घेऊन मागे गेले.

डोळे मिटलेले होते. मूठ फळीला टेकलेली.

शोरूमचा फाटा आला तेव्हा मी वळले नाही. कंपनीचा फोन वाजत होता, वाजू दिला. सरळ घरी. डुएन आणि मी त्याला उचलून पिवळ्या खोलीत ठेवलं. त्याला तिथं मरायचं होतं. मी आणला, पण मेलेला. याला पोचला म्हणायचं का?

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. फाटक्या प्लास्टिकवरून बोलला, मी मान हलवली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुरून आले आणि मग आठवलं, मशीन! खालच्या कप्प्यातच राहिलं.

फोन केला. ते म्हणाले, सामान न्यायची परवानगीच नव्हती, मग असेल कसं? आणि बाई, ती गाडी विकली गेली.

कुणाला, सांगत नाहीत. आयरिसचं मशीन घेऊन कुणीतरी हिंडतंय, त्यांना माहीतसुद्धा नसेल. तुमच्यापैकी कुणी ती गाडी घेतली असेल तर खालचा कप्पा उघडून बघा हो. डाव्या बाजूचा. निळ्या चादरीत गुंडाळलंय.