आंब्यावरची सीतेची वेणी

कोयता फांदीवर बसला आणि वरचं आग्या मोहोळ उठलं. माझा दोन वर्षांचा बाळू झाडाखाली मातीत खेळत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात. पाय हलेनात. सासूबाई ओट्यावरून धावल्या, बाळूला पोटाखाली घेऊन पालथ्या पडल्या. त्यांची पाठ माश्यांनी काळी झाली.

गावाकडचे तुम्ही सगळे विचारता, यजमान गेल्यावर इंदूर सोडून परत का आली नाहीस. म्हणून हे लिहिते.

सावंतवाडीकडून लग्न होऊन निघाले तेव्हा वडिलांनी ओल्या गोणपाटात सीतेची वेणी, झाडाच्या खोडावर वाढणारं फुलझाड, बांधून दिली. म्हणाले, "मातीत पुरू नको, मरेल. झाडाला बांध. झाडाचं काही खात नाही ती." तेव्हा इकडे मध्यभारत राज्य होतं. यजमान मिलमध्ये कारकून, घर बड़ा गणपतीजवळ. परसातल्या आंब्याला मी ती काथ्याने बांधली. उन्हाळ्यात लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, चालायची, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. परसातल्या वेलाला दोडके धरावेत, त्यासाठी मधमाश्या याव्यात म्हणून खाली तुळस, सब्जा लावला, माश्यांना परातीत पाणी ठेवलं. वर मोहोळ लागलं, तेही राहू दिलं. वेणीला गुलाबी तुरे आले.

सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "कोकणातून सून आणली, सोबत बांडगूळही आलं." शेजारच्या गेंदालाल भियाने (इकडे भैयाला भिया म्हणतात) ते खरं धरलं. बांडगुळाला इकडे बांदा म्हणतात. तो झाड खातो, हे माळव्यात कुणालाही ठाऊक. भिया कोयता घेऊनच आला.

"भाभी, बांदा है तो काटना पड़ेगा. नी तो आम गया समझो."

"अहो भिया, बांदा नाहीये तो! सासूबाई मला चिडवतात."

"माँजी झूठ थोड़ी बोलेगी," म्हणत तो चढलासुद्धा. सासूबाई ओट्यावर हसत होत्या.

मग ते झालं. भियाने हौदात उडी टाकली. मी गोधडी घेऊन पोचले तेव्हा सासूबाईंचे डोळे सुजून मिटले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगा?"

"रडतोय," मी म्हणाले.

मुलांना मी आंब्याखाली कधी बसू दिलं नाही. पण वेणी काढली नाही, तुळसही नाही. दर उन्हाळ्यात तुरे येतात, माश्या येतात, आणि मी दार लावून आतून बघते. घर कुठलं म्हणाल, तर सासूबाई जिथे पालथ्या पडल्या ती जागा. ती सोडून कुठे येऊ?

बाळू जगला. भिया जगला. वेणी जगली. सासूबाई त्याच संध्याकाळी गेल्या.