आकडा जेवणानंतर

नझीहाबाई खुर्चीत बसत नाहीत, नुसत्या टेकतात. नीट बसलं तर पुन्हा उठवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हायस्कुलात संगणक शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, पाय सुजायला लागले, आणि निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली असताना राजधानीत कुणाच्या तरी डोक्यातून हे नवं काम निघालं. गावातली जी मुलं विद्यापीठात जातात, त्यांना शिष्यवृत्तीच्या चोरांपासून सावध करायचं. संगणक म्हटला की नझीहाबाई. पगार तोच, ओझं मात्र वाढलं.

मी त्यांचा शेजारी. खजुराची बाग मुलांनी हाती घेतल्यापासून मला उद्योग नाही, म्हणून बाईंच्या प्रत्येक वर्गाला मी हजर, पहिल्या बाकावर. मी शिकलो ते गावच्या एकखणी शाळेत. तिथे हलणारी वस्तू एकच, मास्तरांची छडी. इथे भिंतीवर चित्रं हलतात. मला भारी गंमत वाटते.

"हाजी, तुम्हाला कोण देणार शिष्यवृत्ती?" बाई दर वर्षी विचारतात.

"न का देईना. चोर कसा असतो ते तरी बघू द्या."

चोरी तशी सरळ असते. शिष्यवृत्ती मुलांच्या पोस्टखात्याच्या कार्डावर जमा होते. ती यायच्या सुमारास फोनवर निरोप येतो, वाढीव शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, इथे बोट लावा, कार्डाचा आणि त्याला जोडलेल्या फोनचा नंबर भरा. नंबर भरला की पोस्टाकडून फोनवर एक गुप्त आकडा येतो. तेवढाच चोराला हवा असतो. मग तो फोन करतो, गोड बोलतो, आकडा विचारून घेतो आणि कार्ड धुऊन नेतो.

"आकडा विचारला की फोन कापायचा," बाई सांगतात. "समजलं? कापायचा." मुलं माना डोलावतात. बाई पुढचं चित्र लावतात आणि टेबलाच्या कडेला टेकतात.

गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसून मान डोलावणारा अन्वर पुढच्याच महिन्यात लुटला गेला. बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो परत आला तेव्हा मी बाईंच्या ओट्यावरच होतो.

"मी काय शिकवलं होतं रे?"

"फोन कापायचा म्हणून."

"मग हात मोडला होता का?"

"मावशी, कापणारच होतो. पण तो अजून विचारपूसच करत होता. आजीला बरं आहे ना, खजूर कसा धरलाय, घरातली लहानगी कशी आहेत... अब्बांसाठी दुवासुद्धा केली त्याने. मधेच कसा कापू?"

बाई त्याला मूर्ख म्हणाल्या. मी नाही म्हणालो. आमच्याकडे विचारपूस मधे तोडणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. माझा एक चुलता होता, रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला आणि दोघांची कुशलमंगल चौकशी सुरू झाली. घर झालं, दार झालं, बकऱ्या झाल्या, व्याही झाले. तेवढ्यात चुलत्याचं गाढव पाठीवरच्या पोत्यांसकट चालू लागलं. चुलता बघत होता. पण समोरच्याचे व्याही अजून संपले नव्हते! गाढव पलीकडच्या गावात सापडलं, पोती नाही सापडली. आता असल्या चुलत्याच्या गावात तुम्ही पोराला सांगणार, फोन काप.

अन्वरचं शिक्षण तिथेच थांबलं. हल्ली तो स्फॅक्स शहरात गिलाव्याची कामं करतो. बाई तेव्हापासून अधिकच थकल्या. "पालथ्या घड्यावर पाणी ओततेय मी, हाजी," म्हणायच्या, आणि सप्टेंबर आला तशा पुन्हा तीच चित्रं घेऊन उभ्या राहिल्या.

या वर्षी यमीना निघाली होती, गाबेसच्या विद्यापीठात. तिची आई बेया खजुराच्या कारखान्यात निवडायला बसते. बाप फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला. शिष्यवृत्ती हातात राहिली तर गाबेसची खोली, नाही तर यमीना आईच्या शेजारी खजूर निवडत बसणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बेयाला तर झोपेतही ठाऊक असेल.

वर्गात बाईंनी सहज विचारलं, "यमीना, आकडा कुठल्या फोनवर येतो तुझा?"

"आईच्या. कार्ड काढलं तेव्हा मी अठराची नव्हते ना."

"आणि बाकीच्यांचा?"

निम्म्याहून जास्त हात वर. सगळ्यांच्या आया. बाईंनी ते हात मोजले. मग यंत्र बंद करून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्यांनाच शिकवत होते. उद्या आयांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आया आल्या. चहाची किटली घेऊन आल्या, भाजलेले शेंगदाणे घेऊन आल्या. चित्रं कुणी पाहिली नाहीत. शेवटी बाई वैतागून मला म्हणाल्या, "हाजी, उठा. तुम्ही चोर व्हा."

माझा आनंद काय सांगू! बाहेरच्या व्हरांड्यात गेलो आणि बेयाला फोन लावला. पोरीची तब्येत विचारली, बेयाच्या पाठीचं दुखणं विचारलं, तिच्या मेलेल्या आईला जन्नत मागितली आणि मग हळूच म्हणालो, "बहिणी, तो आकडा तेवढा सांग." बेयाने सांगून टाकला! फोनवर आलेला कुठला तरी जुना आकडा, पण सांगितला. आत सगळ्याजणी हसून लोळत होत्या.

मी दारातून ओरडलो, "अगं, मी चोर आहे हे तुला माहीत होतं!"

"होतं की. पण आईसाठी इतकं चांगलं मागितलंत, मग नाही कसं म्हणू?"

बाई हसल्या नाहीत. पायातल्या सपाता काढून त्या चक्क पायरीवर बसल्या. टेकल्या नाहीत, बसल्या. "माझ्याने आता होत नाही," म्हणाल्या. "बेया, खरं सांग. दारात नकोसा माणूस आला तर तू काय करतेस? हाकलतेस?"

"अल्ला माफ करो! दारातल्याला कुणी हाकलतं?"

"मग?"

"जेवायला बसा म्हणते. कामाचं जेवल्यावर बोलू. ज्याच्या पोटात पाप असतं त्याला माझ्या घरचा घास नको असतो. काहीतरी निमित्त काढून तोच निघतो."

बाईंनी मान वर केली. "मग चोरालाही तसंच सांगा. कापू नका. त्याचं कुशल विचारा, घरी बोलवा, जेवायला बसवा. आकडा जेवणानंतर."

"एवढंच?" कुणीतरी म्हणालं. "मग ही चित्रं कशाला होती?"

"माझ्या पायांना व्यायाम म्हणून," बाई म्हणाल्या आणि सपाता शोधू लागल्या.

खजुराची तोडणी भरात आली तेव्हाची गोष्ट. मी मुलाबरोबर माल घालायला कारखान्यात गेलो होतो. बायका लांब टेबलांशी निवडत होत्या. बेयाच्या फोनवर निरोप वाजला, तिने तो मला दाखवला. पोस्टाचा आकडा होता. आकडा आला याचा अर्थ यमीनाने कुठेतरी कार्डाचा नंबर भरला होता. शिकलेली, हुशार पोर. शिष्यवृत्ती लांबलेली, खोलीवाली दारात उभी, नंबर भरायला कितीसा वेळ लागतो?

लगेच फोन वाजला. बेयाने चिकट हात ओढणीला पुसले आणि आवाज मोठा केला. पलीकडून मधाळ आवाज, "खाला, सलाम. तब्येत बरी? घरी सगळे बरे? खजूर कसा आहे यंदा?"

"अल्लाची कृपा, बाळा. तू कसा आहेस? आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे. खाला, शिष्यवृत्ती कचेरीतून बोलतोय. यमीनाची वाढीव रक्कम अडकलीय. आत्ता आलेला आकडा सांगितलात की सुटेल."

बेयाच्या ओठावर आकडा आलेला मला दिसला. पोरीची रक्कम अडकलीय म्हटल्यावर कुठल्या आईचं काळीज जाग्यावर राहील? शेजारच्या बायकांचे हात थांबले.

"वाढीव?" बेया म्हणाली. "तुझ्या तोंडात साखर पडो. मग तू घरीच ये बाळा. आज कुसकुस लावते."

"मी लांब आहे, खाला. आकडा फक्त..."

"लांब म्हणजे कुठे? तुमचं घराणं कुठलं?"

"ते... किनाऱ्याकडचं."

"किनाऱ्याकडचं? मग मासे आवडत असतील. आईचं माहेर कुठलं तुझ्या? तिलाही आण. लग्न झालंय?"

"खाला, वेळ संपतोय! आकडा!"

"आकडा कुठे पळतोय? जेवलास की देते."

खट्. गप्प झाला फोन. बेयाचा चेहरा पडला. "कापला! मी अजून त्याच्या आईचं विचारत होते, आणि कापला मेल्याने!"

"बेया, चोर होता तो!"

"चोर असला म्हणून काय झालं? आई नसेल का त्याला?" असं म्हणाली खरी, पण मग टेबलाला धरून खाली बसली.

मी मुलाच्या गाडीतून थेट हायस्कुलात गेलो. बाईंनी ऐकून घेतलं, पोस्टात फोन लावून कार्ड बंद करवलं, मग यमीनाला फोन. ती पलीकडे रडत होती. "बाई, मला सगळं येत होतं. तरी भरला."

"माहीत आहे मला. सगळ्यांनाच येत असतं. रडू नको, रक्कम जागेवर आहे. नवं कार्ड येईल. खोलीवालीशी मी बोलते."

बाईंनी फोन ठेवला. मी म्हणालो, "अहो, जिंकलात तुम्ही!"

"अन्वरला हे सांगायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "मी त्याला मूर्ख म्हणाले."

बेयाने त्याच दिवशी कुसकुस केलं, चोरासाठी बोलली होती तेवढं. आम्ही दोघं गेलो. बाई गालिच्यावर उशीला पाठ लावून बसल्या, आणि परात येईपर्यंत त्यांची मान कलली. घास हातात घ्यायच्या आधीच त्यांचा फोन वाजला. शेजारच्या गावची महबूबा, आयांच्या वर्गाला आलेली, जिची मुलगी सूसला शिकते.

"बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो. बोलावलं जेवायला. पण तो खरंच येतो म्हणतोय, शुक्रवारी! आता काय करू?"

बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "आकडा दिलास?"

"नाही अजून."

"मग शुक्रवारी मांस जास्त घाल. मुलीचं कार्ड मात्र आजच बंद कर. हाजी येतील चोर बघायला, त्यांची फार दिवसांची हौस आहे."

बेयाने परातीतला मांसाचा मोठा तुकडा बाईंच्या बाजूला सरकवला. पण त्या झोपल्या होत्या. आम्ही त्यांना उठवलं नाही.