ड्रायव्हरच्या जागेवर मेव्हणा

माझा मेव्हणा नुसता बसून पगार घेतो, असं सगळं वर्कशॉप त्याला चिडवायचं. मी तिथे वेल्डर होतो. चिडवण्यात मी पुढे.

तसा तो फिटर, कामाला चोख. शर्यतीच्या गाडीच्या प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवायचा आणि स्प्रिंगचे नट फिरवून चारी कोपऱ्यांचा भार जुळवायचा, हे त्याचं काम. त्या वेळी ड्रायव्हर आत हवा. ड्रायव्हर बाईंना सवड नसायची. मेव्हण्याचं वजन त्यांच्याइतकंच, म्हणून त्यांच्या जागी हा बसायचा. नट दुसरं कोणी फिरवायचं. ती गाडी त्याला कधी चालवायला मिळणार नव्हती. तेवढं बसणं हेच त्याचं सुख. स्टिअरिंग धरून असा ऐटीत बसायचा, की जणू शर्यत जिंकूनच आलाय.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा मी वर्कशॉपात गप्पा मारायला गेलो, तर बाई सरावातून तणतणत आल्या.

"डावीकडे छान वळते. उजवीकडे जरा पाय दाबला की मागचं टोक पळतं! एवढ्या ताकदीचं इंजिन, आणि मागच्या एका चाकाला पकडच नाही."

"टायर थंड असतील, मॅडम," मेव्हणा म्हणाला.

"दिवसभर थंड? काट्यांची बेरीज जास्त आली, तेव्हा काय म्हणालात?"

"टाकी भरलेली असेल, म्हणालो."

"टाकी मी स्वतः रिकामी करून दिली होती."

सगळ्यांचे डोळे त्याच्या पोटाकडे वळले.

"टाकी भरलेलीच होती," मी म्हणालो. "गाडीची नव्हे, एवढंच."

"दाजी, तुम्ही तरी! तुमच्याच घरी जेवतो मी."

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

गाडी त्याच्या वाढीव वजनावर जुळवलेली. बाई बसल्या की भार तिरका पडायचा.

बाईंनी निकाल दिला. "आता वाळूची पोती बसतील. माझ्या वजनाला या, जागा तुमची."

पोती ठेवून गाडी पुन्हा जुळवली. उजवीकडेही टोक जागचं हलेना. मेव्हण्याचं तोंड मात्र उतरलं.

तेव्हापासून तो आमच्याकडे अर्धंच जेवतो. "माझ्या भावाला वाळवलंत," म्हणून बायको माझ्यावर डाफरते. वाळलाय कुठे? पोट आहे तिथेच आहे.

पोत्यांत वाळू तोच भरतो. मापात, चिमूटभर जास्त नाही. ती सीटवर नीट बसवतो, पट्टा लावतो. मग दार आपटतो.