गोमतीबाईने न शिकवलेला ढावलो

गोमतीबाईच्या हाताखालून एक्केचाळीस पोरी रडून गेल्या होत्या.

बंजाऱ्यांच्या तांड्यात हे असंच बोलतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. सासरी निघालेली नवरी आई-बापाच्या, भावंडांच्या गळ्यात पडून गात रडते, त्या गाण्याला ढावलो म्हणतात. तो आपोआप येत नाही. सूर कुठे ओढायचा, हुंदका कुठे टाकायचा, श्वास कुठे चोरायचा, हे लग्नाआधी महिनाभर जाणत्या बाईपुढे बसून गिरवावं लागतं. पोहरादेवीच्या मागे डोंगराची जी रांग चढत जाते, तिच्या माथ्यावरच्या तांड्यात ती जाणती बाई म्हणजे गोमतीबाई. सगळा तांडा तिला याडी म्हणे, म्हणजे आई.

वय सत्तरीला टेकलेलं. नवरा सोमला जाऊन बारा वर्षं झालेली. घरात मुलगा बबलू, सून आणि दोन शेळ्या. अक्षराची ओळख नाही, पण मोहाची फुलं वेचताना, सरपणाची मोळी घेऊन उतारावरून येताना तिला ओळीमागून ओळ सुचत जाई. डोंगरातला प्रत्येक झरा, प्रत्येक दगड तिच्या गाण्यात कुठे ना कुठे होता. तिचा एकच दंडक होता: पोरीने जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर तिने रडायचं नाही. ज्या घरी गाय नाही, त्या घरच्या पोरीला ती गाईचा ढावलो शिकवतच नसे. “खोटं रडणं डोंगराले समजते,” असं ती म्हणे.

यंदा शिकायला आली ती किशनची रुचिका. एकोणीस वर्षांची, अंगाने काटक, बोलायला कमी.

दिवाळीनंतर हा तांडा अर्धा रिकामा होतो. माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात, फडावर पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांना नेणारा मुकादम मोहनसिंग, डोंगराच्या पलीकडच्या तांड्यातला. कोणाला टोळीत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे त्याच्या शब्दावर. यंदा किशन, त्याची बायको आणि रुचिकाही त्याच टोळीत होती. त्याच्या मुलाची, देवानंदची, बायको सुकेशनी या जानेवारीत उसाच्या फडावर वारली. साप चावला म्हणे. मार्चमध्ये मोहनसिंगने किशनकडे रुचिकाला मागणी घातली. स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. किशनने विचार करायला दोन दिवसदेखील मागितले नाहीत.

गोमतीबाईला पहिल्याच आठवड्यात काहीतरी खटकलं. बाकीच्या पोरी शिकताना खिदळत. त्यांना रागवावं लागे, “रडून राह्यली का शेळ्या हाकलून राह्यली वं?” रुचिका हसली नाही. चार दिवसांत तिने सगळे ढावले पाठ केले, एक शब्द न चुकता. आणि पाचव्या दिवशी एकच गोष्ट विचारली.

“याडी, ढावलोच्या मधात नवरीले कोणी थांबवते का?”

“कोणी नाही. बाप नाही, तांड्याचा नायक नाही. बापाले दगड म्हण, सासूले डाकीण म्हण, सारं माफ असते.”

“मंग ऐकते का कोणी?”

गोमतीबाईला हसू आलं. “ऐकतेत ना. रडतेत, अन् मंग जेवतेत.”

रुचिकाने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिची आई रत्नमाला आली. उंबऱ्यातच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. जाता जाता खाली बघत म्हणाली, “याडी, उसाचं काही शिकवू नको तिले. डोंगराचंच राहू दे.”

“काहून वं?”

“तसंच. बरं नाही वाटत.”

गोमतीबाईने ते मनावर घेतलं नाही. नवरीच्या आईला लग्नाच्या तोंडावर कशाचंही भय वाटतं, हे तिने एक्केचाळीस वेळा पाहिलं होतं.

लग्न एप्रिलच्या शेवटी लागलं. डोंगर जळून काळा-पिवळा पडलेला, वारा असा की मांडवाचं कापड भट्टीवर धरल्यासारखं तापलेलं. पंगती उठल्या, डीजे बंद झाला. दारात बोलेरो उभी राहिली, ड्रायव्हरने एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं. पोरींनी मोबाइल वर धरले. रुचिका बापाच्या गळ्यात पडली आणि तिने सूर ओढला.

पहिल्या ओळी गोमतीबाईच्याच होत्या. बापू, तुह्या डोंगराचं पाणी गोड. बापू, तुह्या उंबऱ्याची सावली गार. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. मग सूर थोडा खाली आला.

“बापू, उसाच्या फडावर कोप्या होत्या बारा,
एका कोपीचं दार बाहेरून बांधलं होतं.”

गोमतीबाईने मान वर केली. या ओळी तिच्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर तिला आधी हेवा वाटला. ‘बांधलं’वर आवाज असा मोडायचा, हे तिला कधी सुचलं नव्हतं. शेजारच्या म्हातारीने तिला कोपराने ढोसलं, “काय शिकवलं वं याडी! अंगावर काटा आला माह्या.” गोमतीबाईने कौतुक घेतल्यासारखी मान खाली घातली.

“आतून पाणी मागे कोणी, बापू, तीन दिवस मागे,
चवथ्या दिवशी मागेना.
साप चावला म्हणतेत, बापू, साप कोणी पाहला?”

आता मांडवातली एकूण एक बाई रडत होती. किशन पोरीच्या पाठीवर हात फिरवत हमसून हमसून रडत होता. सुंदर ढावलो व्हावा तसा तो चालला होता.

“मी सुतळी सोडाले गेली, गाठ काही सुटेना,
माहं मनगट धरलं त्यानं, म्हणे तुहीबी पाळी येईन.
बापू, त्याच हातात आज माहा हात देला तुमी.”

‘उसाचं काही शिकवू नको’, हे गोमतीबाईला आठवलं. तिने रत्नमालेकडे पाहिलं. सगळ्या मांडवात रडत नव्हती ती एकटी पोरीची आई. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती जमिनीकडे बघत होती. आणि ऐकत होता तो एकटा मोहनसिंग. गाडीच्या दाराला टेकून उभा असलेला देवानंद मघापासून मोबाइल बघत होता, आता त्याचंही बोट थांबलं होतं.

“आटपा आता,” मोहनसिंग म्हणाला. “ऊन चढून राह्यलं.”

गोमतीबाईला बबलू दिसला, पलीकडे पाण्याची टाकी धरून उभा. तो आणि सून मोहनसिंगच्याच टोळीत जात. मांडवातली निम्मी घरं त्याच टोळीत जात. आणि नवरीचा ढावलो मध्येच तोडलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. पण अजून दोन गळे भेटले की पोर गाडीत बसणार होती, आणि गाडी घाट उतरली की पलीकडच्या तांड्यात तिचा आवाज कोणाच्या कानावर येणार नव्हता.

ती उठली.

“हे बोल माहे नाहीत,” ती म्हणाली.

बायका डोळे पुसत हसल्या. “आता लाजतं कायले याडी? तुह्याशिवाय कोण शिकवते?”

“मी नाही शिकवलं!” ती इतक्या जोरात ओरडली की रुचिकाचा सूर तुटला. “बाबूसिंग, तू नायक आहेस ना? रडू नको, ऐक. हे पोरीनं पाहलं आहे. सुकेशनीले साप नाही चावला.”

बाहेर फक्त इंजिनाची घरघर. तांड्याचा न्यायनिवाडा करणारा नायक बाबूसिंग घटकाभरापूर्वी मोहनसिंगच्या मांडीला मांडी लावून जेवला होता. त्याने तोंडावरून पंचा फिरवला.

मोहनसिंग हसला. “नायक, नवरीचं रडणं आहे हे. रडण्याचा कोणी पंचनामा करते का?”

दोन-चार माणसंही हसली, पण लगेच थांबली.

“बोल पोरी,” बाबूसिंग म्हणाला. “काय पाहलं तू?”

रुचिकाने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. किशन एक पाऊल मागे सरकला होता, तिचे हात हवेतच राहिले होते.

“पाहा,” मोहनसिंग म्हणाला. “चाल, बस गाडीत.”

“तिले बोलता नाही येत, नायक,” गोमतीबाई म्हणाली. “सासऱ्यापुढं, एवढ्या माणसांत, नवरी बोलन कशी? गाऊन सांगू दे. उसापासून.”

पलीकडून बबलू दबल्या आवाजात म्हणाला, “माय, बस खाली. घर बुडवशीन.” तिने तिकडे पाहिलं नाही.

बाबूसिंगने मोहनसिंगकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग पोरीच्या मनगटाकडे. तो मांडवाच्या मधोमध, तुडवलेल्या धुळीत, मांडी घालून खाली बसला. नायक बसला म्हणजे पंचायत बसली. एकेक करून माणसं टेकू लागली. मोहनसिंगची चार माणसं मात्र उभीच राहिली, आणि घाटाची वाट अडवून थांबली.

कोणाच्या गळ्यात पडल्याशिवाय ढावलो म्हणता येत नाही. किशन अजून तसाच मागे उभा होता. गोमतीबाईने पुढे होऊन आपला गळा दिला. रुचिकाचे हात तिच्याभोवती आले.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

“म्हण,” गोमतीबाई तिच्या कानाशी म्हणाली. “सावकाश म्हण. नावं घेऊन म्हण.”